सूत्रे हाती घेताना

आज २५ सप्टेंबर, प्रा. सतीश धवन यांची जयंती. श्रीहरिकोट्याच्या अवकाश केंद्राला त्यांचे नाव दिलेले असल्याने प्रत्येक उड्डाणाबरोबर ते आपल्या कानांवर पडते. वायुगतिकीतले त्यांचे संशोधन, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे एकोणीस वर्षांचे संचालकपद, ‘इस्रो’चे बारा वर्षांचे नेतृत्व यांविषयी आज ठिकठिकाणी बोलले जाईल, आणि ते योग्यच आहे. आम्हाला मात्र त्यांच्या आयुष्यातल्या एका वळणाकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे. १९७२ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी भारताच्या अवकाश कार्यक्रमाची सूत्रे हाती घेतली. ती ज्या परिस्थितीत घेतली आणि ज्या रीतीने घेतली, तिचा अभ्यास आपल्याकडच्या प्रत्येक संस्थेने करावा असे आम्हाला मनापासून वाटते. संस्था स्थापन करणाऱ्यांची चरित्रे आपण आवडीने वाचतो. दुसऱ्याने उभारलेली संस्था आपल्या हाती घेऊन ती वाढवणाऱ्यांकडे मात्र आपले लक्ष कमी जाते. वास्तविक हे काम अधिक अवघड असते आणि अधिक जणांच्या वाट्याला येते.

३० डिसेंबर १९७१ रोजी केरळात कोवळम येथे डॉ. विक्रम साराभाई यांचे आकस्मिक निधन झाले. वय अवघे बावन्न. ‘इस्रो’ची स्थापना १५ ऑगस्ट १९६९ ची, म्हणजे संस्थेला अजून अडीच वर्षेही पुरी झाली नव्हती. अवकाश कार्यक्रमाचे सगळे धागे साराभाईंच्या हातात होते. तेच अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते, अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे प्रमुखही तेच होते. तिरुअनंतपुरमजवळच्या थुंब्यात काम करणाऱ्या तरुण अभियंत्याशी ते थेट बोलत, त्याला स्वप्न दाखवत आणि तिथल्या तिथे कामाला लावत. त्यांच्या उत्साहावर शेकडो माणसे कामाला लागली होती. असा माणूस एका रात्रीत नाहीसा झाल्यावर मागे उरतात त्या अर्धवट योजना, एकमेकांशी जोडले न गेलेले गट आणि ‘आता पुढे काय’ असे विचारणारे चेहरे. भारताकडे तेव्हा स्वतःचा उपग्रह नव्हता, तो वर नेणारे स्वतःचे वाहनही नव्हते. थुंब्याहून उडणारे छोटे संशोधन अग्निबाण एवढीच जमेची बाजू होती.

धवन त्या वेळी अभ्यासरजेवर अमेरिकेत होते. ज्या ‘कॅलटेक’मधून त्यांनी १९५१ मध्ये डॉक्टरेट मिळवली होती, तिथेच ते शिकवत आणि संशोधन करत होते. पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्याकडून त्यांना विचारणा झाली, की अवकाश कार्यक्रमाची धुरा तुम्ही घ्याल का? अशा वेळी बहुतेक माणसे एक तर हुरळून जातात, नाहीतर नम्रतेने नकार देतात. धवनांनी होकार दिला, पण दोन अटी सांगितल्या. पहिली अट अशी, की अवकाश कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळूरला असावे. दुसरी, भारतीय विज्ञान संस्थेचे संचालकपद सोडावे लागू नये. हातातले काम अर्धवट टाकून ते धावत आलेही नाहीत. कॅलटेकमधली आपली मुदत त्यांनी पुरी केली आणि मगच ते परतले. इंदिरा गांधींनी हे सगळे मान्य केले.

या अटींकडे नीट पाहिले पाहिजे. नवे पद देऊ केलेल्या माणसाच्या अटी बहुधा पगार, बंगला, गाडी, अधिकार यांच्याभोवती फिरतात. धवनांच्या दोन्ही अटी कामाच्या होत्या. आपल्याला काय येते, आपले बळ कुठून येते आणि ते तुटले तर आपला उपयोग किती उरेल, याचा पुरता विचार त्यांनी होकार देण्याआधी केला होता. बंगळूरमध्ये १९०९ पासून भारतीय विज्ञान संस्था होती. १९४० साली मूळच्या सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी इथे हिंदुस्तान एअरक्राफ्टचा कारखाना काढला होता. पुढे भारत इलेक्ट्रॉनिक्स आली, राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा आली. उड्डाणाचे शास्त्र जाणणारे, धातू घडवणारे, इलेक्ट्रॉनिकी यंत्रणा बांधणारे आणि त्यांना शिकवणारे, असे सगळे लोक एकाच शहरात होते. अवकाश कार्यक्रम दिल्लीच्या सचिवालयात नेला असता, तर तो फायलींच्या जवळ आणि कारागिरांपासून दूर गेला असता. संचालकपद न सोडण्याची अटही तशीच. प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि वर्ग यांच्याशी नाते टिकले तरच वैज्ञानिकांचे नेतृत्व करण्याचा आपल्याला अधिकार राहील, ही त्यामागची भूमिका आम्हाला दिसते. १९८१ पर्यंत, म्हणजे पुढची नऊ वर्षे, त्यांनी दोन्ही जबाबदाऱ्या एकत्र सांभाळल्या.

दरम्यानच्या काळाची गोष्टही सांगायला हवी, कारण ती सहसा सांगितली जात नाही. जानेवारी ते सप्टेंबर १९७२ या नऊ महिन्यांत ‘इस्रो’चे अध्यक्षपद प्रा. एम. जी. के. मेनन यांनी सांभाळले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे ते संचालक. होमी भाभा यांच्या १९६६ मधल्या अपघाती मृत्यूनंतर ती संस्था त्यांच्याकडे आली होती, त्यामुळे मोठा माणूस अचानक गेल्यावर काय होते हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. आपल्याकडे ‘प्रभारी’ म्हटले, की फक्त सह्या करणारा, धोरणात्मक काही न करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. मेनन तसे प्रभारी नव्हते. भारताचा पहिला उपग्रह आर्यभट्ट अवकाशात सोडण्याचा सोव्हिएत विज्ञान अकादमीशी करार झाला तो मे १९७२ मध्ये. अवकाश आयोग आणि स्वतंत्र अवकाश विभाग यांची स्थापना झाली ती जून १९७२ मध्ये. धवन येऊन बसले तेव्हा त्यांच्यासाठी कायदेशीर चौकट, निधीचा मार्ग आणि हाती घेतलेला एक ठोस प्रकल्प तयार होता. येणाऱ्यासाठी घर आवरून ठेवणे हे जाणाऱ्याचे आणि मधल्या माणसाचेही कर्तव्य असते. धवनांच्या यशातला मेनन यांचा हा वाटा मोकळेपणाने मान्य केला पाहिजे.

नव्या नेत्यापुढचा पहिला खरा प्रश्न असतो तो आधीच्या माणसाचे काय ठेवायचे आणि काय बदलायचे हा. काही जण जुने सगळे पुसून टाकतात, कारण त्यांना स्वतःची छाप उमटवायची घाई असते. काही जण काहीच बदलत नाहीत, कारण त्यांना दिवंगत नेत्याच्या भक्तांची भीती वाटते. धवनांनी साराभाईंचा हेतू जसाच्या तसा ठेवला. १९७० ते १९८० या दशकासाठी अणुऊर्जा आणि अवकाश संशोधनाचा जो आराखडा साराभाईंनी १९७० मध्ये मांडला होता, त्यातली उद्दिष्टे धवनांनी आपली मानली. अवकाश तंत्रज्ञान गरीब माणसाच्या उपयोगी पडले पाहिजे, दूरसंचार, शिक्षण, हवामान, शेती यांत दिसले पाहिजे, हा आग्रह त्यांनी तसूभरही सैल होऊ दिला नाही.

काम करण्याची पद्धत मात्र त्यांनी पुरती बदलली. थुंबा परिसरातले वेगवेगळे गट एकत्र आणून विक्रम साराभाई अवकाश केंद्र तयार झाले. त्याच्या प्रमुखपदी धातुशास्त्रज्ञ डॉ. ब्रह्मप्रकाश आले. अहमदाबादच्या गटांचे अवकाश उपयोजन केंद्र झाले, तिथे प्रा. यशपाल आले. बंगळूरचा उपग्रह गट प्रा. यू. आर. राव यांच्याकडे राहिला. प्रत्येक केंद्राला संचालक, प्रत्येक प्रकल्पाला प्रकल्प संचालक, आणि ठरावीक टप्प्यांवर कसून आढावा. त्या आढाव्यात कनिष्ठ अभियंत्यालाही वरिष्ठाची चूक दाखवायची मुभा. साराभाईंच्या काळात जे एका माणसाच्या डोक्यात होते, ते आता कागदावर, बैठकांत आणि माणसांच्या स्पष्ट जबाबदाऱ्यांत उतरले. नव्या केंद्राला साराभाईंचे नाव देऊन आणि त्यातली कामाची रीत नव्याने बसवून धवनांनी दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या. ज्यांना आधीचा नेता प्रिय होता त्यांना परके वाटले नाही, आणि ज्यांना शिस्त हवी होती त्यांना ती मिळाली.

साराभाईंचे एक स्वप्न धवनांच्या काळात कसे पुरे झाले, ते मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे आहे. अमेरिकेच्या ‘नासा’चा एटीएस-६ हा उपग्रह वापरून खेड्यांत थेट दूरचित्रवाणी पोचवायची, असा करार साराभाईंच्या हयातीत १९६९ मध्ये झाला होता. तो ‘साईट’ प्रयोग १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत तो चालला, त्यात आपल्या शेजारच्या कर्नाटकातले विजापूर, गुलबर्गा, रायचूर हे जिल्हेही होते. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन यांवरचे कार्यक्रम गावातल्या सार्वजनिक संचावर दिसू लागले. या प्रयोगाच्या कार्यक्रम व्यवस्थापनाची जबाबदारी कोल्हापूरचे डॉ. एकनाथ चिटणीस यांच्यावर होती आणि प्रकल्प व्यवस्थापन मूळचे पुण्याचे प्रमोद काळे पाहत होते. दोघेही साराभाईंच्या तालमीत तयार झालेले. नव्या नेत्याने जुन्या नेत्याची माणसे बाजूला सारण्याची आपली रूढ चाल आहे. धवनांनी ती माणसे ओळखली आणि त्यांना आणखी मोठी कामे दिली.

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत त्याच सुमारास जे चालले होते, ते डोळ्यांसमोर आणून पाहावे. ॲस्बेस्टॉसच्या छपराच्या शेडमध्ये यू. आर. राव यांची तरुण मंडळी भारताचा पहिला उपग्रह बांधत होती. त्यांपैकी बहुतेकांनी त्याआधी उपग्रह डोळ्यांनीही पाहिला नव्हता. वजन ३६० किलो. जागेची टंचाई इतकी, की उपग्रहाकडून येणारी माहिती घेण्यासाठी एका स्वच्छतागृहाचे रूपांतर केंद्रात करावे लागले, अशी आठवण राव पुढे सांगत. १९ एप्रिल १९७५ रोजी सोव्हिएत संघातल्या कापुस्तिन यार येथून आर्यभट्ट अवकाशात गेला. काही दिवसांतच त्यातल्या वैज्ञानिक उपकरणांचा वीजपुरवठा बिघडला आणि प्रयोग थांबले, पण उपग्रहाशी संपर्क राहिला. उपग्रह बांधणे, त्याचे नियंत्रण करणे, त्याच्याशी बोलणे हे सगळे या मंडळींना आता येत होते. धवनांनी या गटाला विश्वास दिला आणि पाठबळ दिले. प्रत्येक खिळा आपल्याला विचारून ठोकावा असा हट्ट मात्र धरला नाही. वर बसलेल्या माणसाला हे जमले, तर खालची माणसे मोठी होतात.

आणि मग १० ऑगस्ट १९७९. श्रीहरिकोट्याहून एसएलव्ही-३ या पहिल्या स्वदेशी उपग्रह प्रक्षेपकाचे पहिले उड्डाण. प्रकल्प संचालक होते ए. पी. जे. अब्दुल कलाम. पहिला टप्पा नीट पार पडला. दुसऱ्या टप्प्यात नियंत्रण यंत्रणा ढासळली, आणि उड्डाणानंतर पाच मिनिटांच्या थोडे पुढे सगळे वाहन बंगालच्या उपसागरात गेले. दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रणासाठीच्या नायट्रिक आम्लाची गळती झाली होती. उड्डाणापूर्वी गळतीची शंका येऊनही पुढे जाण्याचा निर्णय कलामांनी घेतला होता, आणि ते त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले. पत्रकार परिषद ठरलेली होती. कलाम थकलेले, खचलेले. धवन स्वतः पत्रकारांपुढे बसले. अपयशाची जबाबदारी संस्थाप्रमुख म्हणून त्यांनी आपल्याकडे घेतली, आपल्या माणसांवर पूर्ण विश्वास आहे असे सांगितले आणि पुढच्या वेळी यश येईल अशी ग्वाही दिली.

१८ जुलै १९८० रोजी सकाळी एसएलव्ही-३ ने ३५ किलोचा रोहिणी उपग्रह कक्षेत नेऊन ठेवला. त्या दिवशी पत्रकारांना सामोरे जायची वेळ आली तेव्हा धवनांनी कलामांना पुढे केले, आणि स्वतः मागे राहिले. ही हकिगत कलामांनी राष्ट्रपती झाल्यावरही विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगितली. ती इतकी सांगितली गेली, की आता ती सुभाषितासारखी ऐकली जाते. तिच्याकडे पुन्हा नीट पाहावे. अपयश अंगावर घेणे एकवेळ जमते, त्यात एक प्रकारचा मोठेपणाही मिळतो. यशाच्या दिवशी, देश टाळ्या वाजवत असताना, दुसऱ्याला पुढे करून आपण मागे सरणे त्याहून कठीण. आणि दोन्हींमध्ये अकरा महिन्यांचे अंतर असताना तीच वृत्ती टिकवणे सर्वांत कठीण. अशा वागण्याची शिकवण परिपत्रके काढून देता येत नाही. संस्थेतली माणसे ते डोळ्यांनी पाहतात आणि आपल्या वेळी तसेच वागतात.

या कथेत कलामांचे स्वतःचे नेतृत्वातले पदार्पणही दडलेले आहे. एसएलव्ही-३ च्या प्रकल्पाची धुरा आपल्याकडेच का आली, गोवारीकर, कुरूप, मुथुनायगम यांच्यासारखे जाणकार असताना आपली निवड का झाली, असा संकोच त्यांच्या मनात होता. ‘अग्निपंख’ या आत्मचरित्रात त्यांनी तो मोकळेपणाने सांगितला आहे. त्यांनी ही शंका ब्रह्मप्रकाशांकडे बोलून दाखवली, तेव्हा इतरांचे बळ मोजत बसू नका, त्यांच्याकडून उत्तम काम करून घ्या, अशा आशयाचा सल्ला त्यांना मिळाला. पहिल्या उड्डाणाच्या अपयशानंतर दमून झोपलेले कलाम दुपारी उशिरा जागे झाले, तर उशाशी ब्रह्मप्रकाश बसलेले होते. जेवायला जाऊ या, एवढेच त्यांनी विचारले. चौकशीची वेळ नंतर आली, आणि ती चौकशी कडकपणे झालीही. पण आधी जेवण. पुढे १९७९ मध्येच ब्रह्मप्रकाशांच्या जागी डॉ. वसंत गोवारीकर आले. पुण्यात जन्मलेले, कोल्हापुरात वाढलेले गोवारीकर घन इंधनाचे भारतातले अग्रणी. पहिल्या प्रक्षेपणाच्या अपयशाची सावली ताजी असताना केंद्राची सूत्रे हाती घेणे आणि वर्षभरात यशाचे साक्षीदार होणे त्यांच्या वाट्याला आले. एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते, म्हणजे त्या यशात गोवारीकरांची अनेक वर्षांची मेहनत अक्षरशः जळत होती. प्रकल्पाचे प्रमुखपद आपल्याला मिळाले नाही म्हणून त्यांनी हात आखडता घेतला नाही, हेही विसरू नये. पदोन्नतीत मागे राहिलेल्या सहकाऱ्याचे सहकार्य मिळवणे ही नव्या नेत्याची पहिली परीक्षा, आणि ते सहकार्य मनमोकळेपणाने देणे ही त्या सहकाऱ्याची.

धवन ज्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते, तिच्याच आवारात १९३० च्या दशकात एक वेगळी कहाणी घडली होती. ती आदराने, पण स्पष्टपणे सांगायला हवी. नोबेल पारितोषिक मिळवून तीन वर्षे झालेली असताना, १९३३ मध्ये सर चंद्रशेखर व्यंकट रामन या संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. संस्था तोवर मुख्यतः रसायनशास्त्र आणि विद्युत अभियांत्रिकी यांची. रामन यांनी भौतिकशास्त्राचा विभाग उभारला, जर्मनी सोडावी लागलेले मॅक्स बॉर्न यांच्यासारखे दिग्गज इथे आणले, आणि त्यांना कायमचे ठेवून घेण्याचा प्रयत्न केला. दृष्टी दूरची आणि अचूक होती. पण जुन्या विभागांना आपला निधी आणि मान कमी होतोय असे वाटू लागले, संस्थेच्या परिषदेशी खटके उडाले, सर जेम्स आयर्विन यांच्या अध्यक्षतेखाली आढावा समिती नेमली गेली आणि १९३७ मध्ये रामन यांना संचालकपद सोडावे लागले. १९४८ पर्यंत ते तिथेच भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राहिले. त्यांनी लावलेला भौतिकशास्त्राचा विभाग आज संस्थेचे भूषण आहे. म्हणजे कल्पना चुकीची नव्हती. ज्यांच्यासोबत ती राबवायची, त्यांना सोबत घेण्याआधीच ती राबवायला घेतली गेली. धवन संचालक झाले १९६२ मध्ये, त्यापूर्वी अकरा वर्षे त्यांनी त्याच संस्थेत काम केले होते, वैमानिकी विभाग सांभाळला होता, स्वनातीत वेगाचे वातबोगदे उभारले होते. बदल त्यांनीही पुष्कळ केले. सैद्धांतिक अभ्यासाचे केंद्र निघाले, पुण्याचे माधव गाडगीळ यांच्यासारखा परिसरशास्त्रज्ञ १९७३ मध्ये तिथे आला, ग्रामीण तंत्रज्ञानाचा ‘अस्त्र’ हा विभाग १९७४ मध्ये सुरू झाला. अभियांत्रिकीच्या संस्थेत जंगलांचा आणि चुलींचा अभ्यास होऊ लागला, आणि कोणाला आपल्यावर अतिक्रमण झाल्यासारखे वाटले नाही.

अलीकडच्या काळातले उदाहरणही याच शहरातले आहे. १९८१ मध्ये पुण्यात नोंदणी होऊन दोन वर्षांनी बंगळूरला आलेल्या ‘इन्फोसिस’ची सूत्रे अनेक वर्षे संस्थापकांमध्येच फिरत राहिली. नारायण मूर्तींनंतर नंदन निलेकणी, मग क्रिस गोपालकृष्णन, मग शिबुलाल. २०१४ मध्ये विशाल सिक्का हे संस्थापकांबाहेरचे पहिले मुख्य कार्यकारी अधिकारी आले. पुढे संस्थापक आणि संचालक मंडळ यांच्यातले मतभेद चव्हाट्यावर आले, ऑगस्ट २०१७ मध्ये सिक्कांनी राजीनामा दिला, निलेकणी अध्यक्ष म्हणून परतले, आणि जानेवारी २०१८ मध्ये सलील पारेख रुजू झाल्यावर गाडी रुळावर आली. यातला कोण बरोबर हे ठरवण्याचा आमचा हेतू नाही. सगळी मोठी माणसे. पण एवढे स्वच्छ दिसते, की संस्था निर्माण करणाऱ्यांच्या पिढीकडून पहिल्यांदा बाहेरच्या हाती सूत्रे जातात, तो क्षण सर्वांत नाजूक असतो. त्याची तयारी फक्त नव्या माणसाने करून भागत नाही. जुन्यांनी मागे कसे सरायचे, कोणत्या प्रश्नावर बोलायचे आणि कुठे बोलायचे, हेही तितक्याच बारकाईने ठरलेले असावे लागते.

आता मूळ मुद्द्यावर येऊ. आजकाल नव्या पदाच्या पहिल्या शंभर दिवसांची फार चर्चा होते. त्या शंभर दिवसांत काय घोषणा केल्या, कोणाला हलवले, किती बैठका घेतल्या याची गणती होते. धवनांच्या उदाहरणावरून आम्हाला वेगळे मोजमाप सुचते. एखाद्याने सूत्रे यशस्वीपणे हाती घेतली का, याचे उत्तर तो ती पुढच्याच्या हाती सोपवतो त्या दिवशी मिळते. साराभाई गेले तेव्हा अवकाश कार्यक्रमाला कोण चालवणार हा राष्ट्रीय प्रश्न झाला होता, त्यासाठी परदेशात असलेल्या माणसाला बोलवावे लागले. १९८४ मध्ये धवन निवृत्त झाले तेव्हा यू. आर. राव आले, पीण्याच्या शेडमधून घडलेले. त्यांच्या कारकिर्दीत १९८७ आणि १९८८ मध्ये एएसएलव्ही या प्रक्षेपकाची दोन उड्डाणे लागोपाठ फसली, तरी संस्था डगमगली नाही. त्यानंतर १९९४ मध्ये कस्तुरीरंगन आले, आणि त्यांच्यानंतर आजपर्यंतचे सगळे अध्यक्ष याच परंपरेतून आले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले तेव्हा पीण्यातल्याच नियंत्रण केंद्रात अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी प्रकल्प संचालक पी. वीरमुथुवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बोलायला पुढे बोलावले. १९८० च्या त्या सकाळची रीत त्रेचाळीस वर्षांनी तशीच चालू होती, आणि ती चालवायला धवन हयात असण्याची गरज उरली नव्हती.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? बंगळूरच्या व्हाइटफील्डपासून इलेक्ट्रॉनिक सिटीपर्यंत हजारो मराठी तरुण-तरुणी काम करतात. त्यांतल्या कोणाला ना कोणाला दर वर्षी टीम लीडपद मिळते, मॅनेजरपद मिळते. कालपर्यंत उत्तम कोड लिहिणारा मुलगा किंवा मुलगी आज दहा जणांच्या कामाला जबाबदार होते, आणि जुन्या सवयीने रात्री बसून सहकाऱ्याचे कामही स्वतःच उरकून टाकते. काम होते, सहकारी मात्र शिकत नाही. या तरुणांना आमचे सांगणे आहे, की तुमच्या हातचे कसब ज्याने तुम्हाला इथवर आणले, ते आता दुसऱ्यांच्या हाती उतरवणे हेच तुमचे काम. रुजू होण्यापूर्वी वरिष्ठांशी स्पष्ट बोला, कामासाठी काय लागेल ते मागा. आणि ज्या सहकाऱ्याला हे पद हवे होते, त्याच्याशी पहिल्याच आठवड्यात मनमोकळे बोला.

आपल्या संस्थांनाही तेवढ्याच कळकळीने सांगावेसे वाटते. सहकारी साखर कारखाना, पतपेढी, शिक्षण संस्था, ग्रंथालय, ग्रामपंचायत, विद्यापीठ, कुठेही पाहा. नव्या अध्यक्षाचा, मुख्याध्यापकाचा किंवा कुलगुरूंचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, हार घातले जातात, फोटो निघतात आणि चार्ज रिपोर्टवर सही होते. त्या रिपोर्टमध्ये टेबल-खुर्च्या, कपाटे, रोख शिल्लक यांची नोंद असते. कोणत्या कामावर कोणाचा जीव आहे, कुठे कोणाचे मन दुखावलेले आहे, कोणता निर्णय घ्यायचा राहिला आणि का राहिला, याची नोंद त्यात नसते. निवृत्तीची तारीख वर्षानुवर्षे आधी ठाऊक असूनही नवी नेमणूक वेळेवर होत नाही आणि प्रभारी माणूस महिनोन्महिने फक्त सह्या करत बसतो. हे बदलणे अशक्य नाही. नेमणूक निवृत्तीच्या तीन महिने आधी करावी. जुन्या आणि नव्या प्रमुखाने काही आठवडे शेजारी बसून काम करावे. प्रभारी व्यक्तीला लेखी अधिकार आणि लेखी उद्दिष्ट द्यावे. नव्या प्रमुखाने पहिल्या महिन्यात शिपायापासून विभागप्रमुखापर्यंत सर्वांचे ऐकून घ्यावे आणि मगच बदलांची यादी करावी. यासाठी वेगळा निधी लागत नाही, शासनाचा आदेशही लागत नाही.

पदे येतात आणि जातात, संस्था मात्र पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या पाहिजेत. शाळेत शिकणारे मूल, कारखान्यावर ऊस घालणारा शेतकरी, पतपेढीत ठेव ठेवणारी विधवा यांचे आयुष्य त्या टिकण्यावर अवलंबून असते. म्हणून सूत्रे हाती घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दिवशी स्वतःला एक प्रश्न विचारावा. मी उद्या नसलो, तर हे काम कोण चालवेल, आणि त्याला त्यासाठी मी आज काय शिकवतो आहे? ज्याच्याकडे याचे उत्तर नावांसह आहे, त्याने खुर्चीवर निःशंक बसावे. ज्याच्याकडे नाही, त्याने ते शोधण्याचे काम त्याच दिवशी सुरू करावे. प्रा. धवन यांना वाहायची याहून योग्य आदरांजली आम्हाला दिसत नाही.